पावणेबाराचं जगदलपूर

ऑगस्टच्या दुसऱ्या सोमवारी मुख्यालयाची मेल आली आणि रायपूर विमानतळावर, कंपनीच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात, पेढे वाटले गेले. दिल्लीच्या विमानतळाचा विस्तार झाला होता. नवी धावपट्टी, नवं टर्मिनल, त्यामुळे कंपनीला तिथं विमानं उतरवायला आणि उडवायला जास्तीच्या वेळा मिळाल्या होत्या. ऑक्टोबरच्या अखेरीपासून रायपूरहून दिल्लीला दिवसातून सहावं विमान सुटणार होतं. काउंटरवरची साक्षी पेढ्यांचा डबा घेऊन टॅक्सीवाल्यांपर्यंत जाऊन आली.

रीना रामटेके या ऑफिसची प्रमुख. काउंटरपासून सुरुवात करून एकोणीस वर्षांत ती इथवर पोचली होती, आणि कुठलाही कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा ही तिची सवय होती. मेलच्या तळाशी चार ओळी होत्या. रायपूर–जगदलपूर विमान प्रवासी कमी झाल्यामुळे त्याच तारखेपासून बंद. त्या मार्गावरचं बहात्तर आसनांचं पंख्यांचं विमान दिल्लीला हलवण्यात येईल.

"साक्षी, हे खालचं वाचलंस का तू?"

साक्षीनं वाचलं. तिला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून यायची हिंदीच. "मैम, वो फ्लाइट तो वैसे भी खाली जा रही है."

ते खोटं नव्हतं. मार्चपर्यंत त्या विमानात रोज सरासरी अठ्ठावन्न माणसं बसायची. एप्रिलपासून आकडा उतरत गेला आणि आता एकतीसवर आला होता. रीना रोज त्या यादीवर सही करत होती. आकडा घसरताना तिनं पाहिला होता, पण का घसरतोय हे एकदाही विचारलं नव्हतं. ते आता तिला बोचायला लागलं.

त्याच गुरुवारी मीराबाई खोब्रागडे आल्या.

बाई साठीच्या. मुलगा बचेलीच्या लोखंडाच्या खाणीत नोकरीला. दिल्लीला पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन करून मायलेक परत निघाले होते. दिल्लीचं विमान अकरा पाचला उतरलं, चाकाच्या खुर्चीवरून मीराबाईंना बाहेर आणलं, आणि मुलगा काउंटरवर येऊन म्हणाला, "जगदलपूरचं विमान कुठून लागते मॅडम?"

जगदलपूरचं विमान साडेदहालाच गेलं होतं.

"म्हणजे आता उद्याच?" मुलाचा चेहरा उतरला. "दिल्लीवाल्यानं तर सांगतलं होतं, रायपूरहून पुढे विमान आहे म्हणून."

"आहे, पण तुमचं दिल्लीचं विमान मार्चपासून उशिरानं येते. आधी नऊ चाळीसला यायचं."

मुलाची सुट्टी संपली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला कामावर हजर व्हायचं होतं. मीराबाई एवढंच म्हणाल्या, "डॉक्टरनं मले दोन तासाच्या वर बसू नको म्हटलं आहे, बाई. जगदलपूर मोटारीनं किती लागते?"

"सात तास."

रीनानं टॅक्सी स्टँडवरच्या बिसाहू साहूला हाक मारली. बिसाहू त्या स्टँडचा मुखिया. त्यानं गाडीची पुढची सीट पाडली, मागे गादी अंथरली आणि मीराबाईंना आडवं निजवलं. "धीरे-धीरे ले जाहूँ, दाई," आईला हाक मारावी तसं तो म्हणाला. गाडी निघताना त्यानं रीनाला जे सांगितलं ते मात्र तिच्या डोक्यात घर करून बसलं. तो म्हणाला, "मैडम, ये रोज का है. दिल्ली वाली से उतरते हैं और बस्तर के लिए मेरी गाड़ी पकड़ते हैं. मार्च के पहले इतने नहीं आते थे."

संध्याकाळी रायपुरातल्या तेलीबांध्याच्या घरी तिनं हे बाबांना सांगितलं. देवीदास रामटेके रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. पोरीच्या विमानांची त्यांना मनापासून हौस, अन् तितकीच त्यांच्याबद्दल शंका.

"रायपूरले तर फायदाच झाला ना? सहा विमानं दिल्लीले."

"रायपूरले झाला, बाबा. जगदलपूरचं काय?"

देवीदासांनी चहाचा कप खाली ठेवला. "हे पाय रीना. आमच्याइथं एक पॅसेंजर होती. मोठ्या गाड्यांले जागा पाहिजे म्हणून तिचा टाइम बदलवला. तो असा केला का बाजाराच्या दिवशी बाजार उठल्यावर ती पोचे. सहा महिन्यानं साहेब लोकं आले, डबे मोजले, म्हणे रिकामी धावते, बंद करा. आम्ही गार्ड लोकं रोज पाहून राहिलो होतो रिकामी काहून धावते ते. पण आम्हाले कोणी विचारलं नाही अन् आम्हीही कोणाले सांगतलं नाही." मग जरा थांबून म्हणाले, "सांगायला पाहिजे होतं."

दुसऱ्या दिवसापासून रीनानं मोजायला सुरुवात केली. दिल्लीचं विमान उतरलं की ती बाहेरच्या दाराशी उभी राहायची आणि सामान घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला विचारायची, पुढं कुठं? साक्षी पहिल्या दिवशी कुरकुरली, "ये हमारा काम है क्या, मैम?" तिसऱ्या दिवशी मात्र ती स्वतःच दुसऱ्या दाराशी जाऊन उभी राहिली. बिसाहूनं आपल्या ड्रायव्हरांना सांगून ठेवलं होतं. कुठली गाडी कुठं गेली, किती माणसं होती, हे ते त्याच्या वहीत लिहायला लागले. अकरा दिवस चाललं हे. दंतेवाड्याची शाळामास्तरीण, किरंदुलच्या खाणीतले फिटर, कोंडागावचा पितळी मूर्ती घडवणारा एक कारागीर दिल्लीच्या प्रदर्शनातून परतताना, जगदलपूरच्या इस्पितळात नव्यानं रुजू होणारी डॉक्टर. अकरा दिवसांत बस्तरकडे जाणारी दोनशे चोपन्न माणसं. दिवसाला तेवीस.

एकतीस आणि तेवीस चोपन्न. मार्चपूर्वीच्या अठ्ठावन्नाच्या जवळपास. माणसं कुठं गेलीच नव्हती. विमान त्यांच्या आधी निघून जात होतं, एवढंच.

विमानांची वेळापत्रकं ठरवणारा विभाग गुरगावला. तिथले प्रमुख निरंजन आपटे, मूळचे पुण्याचे. रीनानं व्हिडिओ कॉलची वेळ मागून घेतली आणि आकडे समोर ठेवले. निरंजननी ते शांतपणे पाहिले. माणूस उर्मट नव्हता, उलट त्यांना खरंच कुतूहल वाटलेलं दिसलं.

"हे तुम्ही दारात उभं राहून मोजलंत?"

"हो सर. तुमच्या संगणकात हे दिसतच नाही. तुम्हाला दिसते एवढंच, का दिल्लीचा प्रवासी रायपूरला उतरला. तो तिथून पुढं टॅक्सीनं सात तास जाते, हे कुठं दिसते?"

"बरोबर आहे. पण मॅडम, दिल्लीची वेळ मी हलवू शकत नाही. मार्चमध्ये नवी धावपट्टी झाली तेव्हापासून सगळ्या कंपन्या तिथं धावल्यात. मिळालेली वेळ वापरली नाही तर ती जाते, दुसरा घेतो. रायपूरच्या विमानाला अकरा पाचचीच वेळ मिळाली, त्याच्या आधीची नाही."

"मग जगदलपूरचं उशिरा सोडा. पावणेबाराला."

"ते मी मार्चमध्येच पाहिलं होतं." त्यांनी पडद्यावर एक तक्ता उघडला. "पावणेबाराला निघालं तर बारा पस्तीसला पोचतं. जगदलपूरचा टॉवर साडेबाराला बंद होतो. टॉवरवर माणूस नसताना विमान उतरवता येत नाही. तिथंच संपलं. आणि खरं सांगायचं तर तुमचं ते विमान दिल्लीहून आणखी तीन गावं जोडणार आहे. ती गावंही लहानच आहेत. तिथंही माणसं वाट पाहतायत."

ती तीन गावं तिला शत्रू वाटेनात, आणि तशी वाटली असती तर बरं झालं असतं असंही एकदा तिच्या मनात येऊन गेलं. पण टॉवरची गोष्ट तिनं पकडून ठेवली.

"टॉवर साडेबारालाच काहून बंद होते सर?"

"ते तिथल्यांना माहीत. आमच्याकडे जे कळवलंय ते असं आहे."

"म्हणजे कोणी विचारलं नाही."

निरंजननी तक्ता मिटला. "नाही," ते म्हणाले. "कोणी विचारलं नाही. पण सप्टेंबरच्या वीस तारखेला हिवाळी वेळापत्रक पक्कं होतंय. त्यानंतर मला काही करता येणार नाही."

वीस तारखेला नऊ दिवस होते.

फोनवर हे होणार नाही, हे रीनाला ठाऊक होतं. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी पहाटेच ती बिसाहूच्या गाडीत बसली. आपल्या विमानानं जाता आलं असतं, पण सात तास म्हणजे काय ते तिला एकदा अंगावर घेऊन पाहायचं होतं. धमतरी, कांकेर बरं गेलं. केशकालच्या घाटात पावसानं रस्ता उखडला होता आणि ट्रकांची रांग लागली होती. एका वळणावर दीड तास गाडी तसूभरही हलली नाही. गचके खात, दाराची कडी धरून बसलेल्या रीनाला आपली पाठ कुठून कुठं आहे ते नीट कळायला लागलं. आडव्या निजलेल्या मीराबाईंनी हे कसं काढलं असेल, असं तिनं बिसाहूला विचारलं.

"कुछ नहीं बोली, मैडम. बस घाट में मेरी सीट को पकड़ के रखी थी," बिसाहू म्हणाला.

जगदलपूरच्या विमानतळावर ती पोचली तेव्हा दोन वाजत आले होते. टॉवर बंद, धावपट्टी रिकामी, कुंपणापलीकडे हिरवागार भात. तिथले प्रमुख मिंज साहेब, पन्नाशीचे, सरगुजाकडचे. आपल्या खोलीत एकटेच कागद पाहत बसले होते. रायपूरहून कोणी मोटारीनं भेटायला आलंय, याचंच त्यांना आश्चर्य वाटलं. त्यांनी आधी जेवलात का विचारलं आणि डबा पुढं केला.

रीनानं सगळं सांगितलं. मिंज साहेबांनी मान हलवली.

"टॉवर पे मेरे पास तीन आदमी थे, मैडम. एक को दिल्ली ले गए, वहाँ नया टॉवर खुला है, आदमी चाहिए. दो बचे. दो आदमी में साढ़े चार घंटे से ज़्यादा की परमिशन नहीं मिलती. आठ से साढ़े बारह. मैं एक घंटा कहाँ से लाऊँ?"

म्हणजे इथूनही माणूस तिकडेच गेला होता. बाहेर एक बाई धावपट्टीच्या कडेला गवत कापत होती. तेवढाच काय तो आवाज. मग रीनानं एक साधा प्रश्न विचारला. इतका साधा, की विचारताना तिला जरा संकोचच वाटला.

"सर, सुबह आठ बजे कौन सा विमान आता है?"

"आठ बजे? कोई नहीं. पहला तो आपका ही आता है, ग्यारह बीस को."

"तो आठ बजे खोलते क्यों हैं?"

मिंज साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग खुर्चीत मागे रेलून ते मोठ्यानं हसले. "शुरू में एक सुबह की फ्लाइट थी. दो साल में बंद हो गई. टाइम वही चला आ रहा है."

"मग नऊला उघडा आणि दीडला बंद करा," ती भान विसरून मराठीतच बोलून गेली, आणि त्यांनाही ते बरोबर कळलं.

"नौ से डेढ़," त्यांनी बोटांवर मोजलं. "आदमी उतने ही, घंटे उतने ही. ऊपर लिखना पड़ेगा. कभी सरकारी हेलिकॉप्टर जल्दी आता है, लेकिन वो तो पहले बताते हैं." ते उठले, कपाटातून कोरा कागद काढला. "आप बैठिए. आपके सामने ही लिखता हूँ, नहीं तो कल पर टल जाएगा."

पत्र लिहून, सही-शिक्का होऊन, मेलनं वर गेलं तेव्हा चार वाजून गेले होते. पण वर जाणं वेगळं आणि वरून खाली येणं वेगळं. पुढचे सहा दिवस रीनानं कोणालाच सोडलं नाही. सकाळी मिंज साहेबांना फोन, दुपारी त्यांच्या वरच्यांना, संध्याकाळी पुन्हा मिंज साहेबांना. एका साहेबांच्या स्वीय सहायकानं तिचा आवाज ओळखून "हां रीना दीदी, फाइल चल रही है" असं आधीच म्हणायला सुरुवात केली. तिच्याच कंपनीतल्या एका वरिष्ठानं सुनावलं, की तुझं काम विमान वेळेवर सोडणं, वेळापत्रक ठरवणं नाही. ती "हो सर" म्हणाली आणि पुढचा फोन लावला. एकोणीस तारखेला, दुपारी चार वाजता, टॉवरची नवी वेळ मंजूर झाल्याचा कागद आला. पावणेपाचला ती व्हिडिओ कॉलवर निरंजनसमोर होती.

त्यांनी कागद दोनदा वाचला. "तुम्ही हे नऊ दिवसांत आणलंत."

"आठ, सर."

"रोज नाही देऊ शकत," ते म्हणाले. "विमान दिल्लीला चाललंय, ते आता थांबत नाही. पण आठवड्याचे चार दिवस ते रायपूरला ठेवता येईल. एका मोसमापुरतं. मार्चपर्यंत सरासरी पंचावन्न माणसं बसली नाहीत, तर मग मला पुन्हा फोन करू नका."

चार दिवस. तीन दिवस तेच केशकाल, तोच घाट. पण हे चार सोडले तर सातच्या सात जाणार होते.

"कोणते चार ते मी सांगीन, सर. सोम, गुरू, शुक्र, रवी. खाणीवाल्यांची सुट्टी रविवारी अन् डॉक्टर लोकं गुरुवारी येतात."

"लिहून घेतलं," निरंजन म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी नवं वेळापत्रक सुरू झालं, आणि पहिल्याच दिवशी दिल्लीचं विमान पंचवीस मिनिटं उशिरा निघालं. तिथं धावपट्ट्या वाढल्या होत्या, तशी विमानंही वाढली होती, रांग होतीच. त्या विमानातले छत्तीस प्रवासी जगदलपूरचे होते. नियम असा, की पुढच्या विमानानं दहा मिनिटांहून जास्त थांबायचं असेल तर मुख्यालयाला विचारायचं. रीनानं फोन लावला. पलीकडे संगीत वाजत राहिलं. रविवार होता. अकरा सव्वीस झाले.

तिनं मनातल्या मनात हिशेब मांडला. अकरा तीसला दिल्लीचं उतरेल. नेहमीसारखी चाळीस मिनिटं घेतली तर जगदलपूरला एक वाजणार, परत उडायला एक पंचवीस. टॉवर दीडला बंद. मध्ये फक्त पाच मिनिटं. जरा कुठं चुकलं तर विमान रात्रभर तिथंच अडकून पडणार, आणि मग मार्चची वाटही पाहायला नको.

तिनं संगीत वाजतंय तसाच फोन ठेवला आणि मिंज साहेबांना लावला.

"मैं बैठा हूँ, मैडम. आप भेजिए. डेढ़ के पहले उड़ा दूँगा."

"थांबतं विमान," रीना वॉकी-टॉकीवर म्हणाली. "जगदलपूर थांबवा. माझ्या सांगण्यावरून."

दिल्लीचं विमान टेकलं तेव्हा साक्षी शिडीच्या पायथ्याशी उभी होती. छत्तीस जणांना टर्मिनलमध्ये नेऊन पुन्हा रांगेत उभं करायचं नाही, सुरक्षा तपासणीसाठी त्यांच्याकरता वेगळी खिडकी ठेवायची, हे रीनानं आठवडाभर आधीच सुरक्षावाल्यांशी बोलून ठेवलं होतं. सामान उतरवणाऱ्यांनी जगदलपूरच्या बॅगा आधी बाहेर काढल्या. एक म्हातारा आपली छत्री विमानात राहिली म्हणून अडून बसला, साक्षी धावत जाऊन ती घेऊन आली आणि पहिल्यांदाच मराठीत ओरडली, "चला ना काका, चला लवकर!" त्या काकांना मराठी अजिबात येत नव्हतं, पण ते चालायला लागले.

बारा वाजून दोन मिनिटांनी पंखे फिरायला लागले. बहात्तरपैकी एकसष्ट जागा भरल्या होत्या. विमान वळून धावपट्टीकडे गेलं, आणि रीना तोंडावरचा घाम पुसत तशीच उन्हात उभी राहिली. एक वाजून एकवीस मिनिटांनी मिंज साहेबांचा संदेश आला: उड़ गया.

सोमवारी सकाळी मुख्यालयाची मेल होती. कोणाच्या परवानगीनं विमान सतरा मिनिटं थांबवलं, याचा खुलासा चोवीस तासांत द्यावा.

"क्या लिखेंगे, मैम?" साक्षीनं विचारलं.

रीना कीबोर्डशी बसली आणि लिहिलं: छत्तीस प्रवाशांसाठी मी माझ्या जबाबदारीवर विमान थांबवलं. मुख्यालयाचा फोन उचलला गेला नाही. पुन्हा अशी वेळ आली तर पुन्हा थांबवीन. म्हणून रविवारी फोन उचलणारं कोणी नेमावं, ही विनंती.

साक्षीनं खांद्यावरून वाकून वाचलं आणि एवढंच म्हणाली, "शेवटचं वाक्य काटू नका."

रीनानं ते काढलं नाही. मेल पाठवली, ओळखपत्र गळ्यात अडकवलं आणि दाराकडे निघाली. सोमवार होता. पावणेबाराच्या यादीत आज अठ्ठावन्न नावं होती, आणि दिल्लीचं विमान वेळेवर सुटल्याचं नुकतंच कळलं होतं.